निमित्तमात्र : महानगर, एकाकीपण आणि सहभागाची कला

महानगरात माणसांची वाण पडल्याची फिर्याद आजवर कोणी केलेली नाही. सकाळच्या लोकलमध्ये ज्याच्या मानेवर चौघांचा श्वास पडत असतो, ज्याच्या पिशवीचा पट्टा पाचव्याच्या कोपरात अडकलेला असतो, आणि जो त्यांपैकी एकाशीही चकार शब्द न बोलता दीड तासाचा प्रवास पुरा करतो, त्या माणसाला आपण एकाकी म्हणतो तेव्हा त्याच्याजवळ माणसे नाहीत असे आपल्याला म्हणावयाचे नसते. त्या माणसांशी बोलण्यास लागणारे निमित्त त्याच्याजवळ नाही, एवढेच म्हणावयाचे असते. लोकलमधली भजनी मंडळे आणि पत्त्यांचे अड्डे हा याला अपवाद खरा. परंतु तेथेही टाळ किंवा पत्त्यांचा जोड मध्ये असावाच लागतो, आणि तो नसला की तीच माणसे फलाटावर एकमेकांना ओळख न देता पांगतात.

गावगाड्यात अशी निमित्ते आयती असत. पाणवठा, बाजाराचा दिवस, आणि पुढे गिरणगावातल्या चाळीत सामाईक नळ व सामाईक गॅलरी, ही काही कोणी मागून घेतलेली नव्हती आणि ती नाकारण्याचीही सोय नव्हती. महानगराने ती हळूहळू काढून घेतली व मोबदल्यात माणसाला अनोळखी राहण्याची मुभा दिली. ज्याला जन्मगावी जात सांगितल्यावाचून पाण्याचा घोट मिळत नव्हता, किंवा जिच्या येण्याजाण्याचा हिशेब सारी आळी ठेवत होती, त्यांच्या दृष्टीने ही मुभा किती मोलाची होती, हे एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांच्या आठवणींनी गहिवरून येणाऱ्यांनी विसरू नये. प्रस्तुत ग्रंथात ज्या कलेचा परामर्श घेतला आहे ती या देवघेवीच्या नेमक्या मध्यावर उभी आहे : महानगराने दिलेली मुभा काढून न घेता त्याने हिरावलेले निमित्त, मग ते दहा मिनिटांपुरते का असेना, परत करता येईल काय, हा तिचा प्रश्न. या क्षेत्रातल्या लहानमोठ्या सर्व कामांची पारख याच एका कसोटीवर करावी, असे माझे मत झाले आहे, आणि या ग्रंथाची योजनाही त्याच मताने केली आहे.

ज्यांना हे क्षेत्र नवे आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा इष्ट. मांडणशिल्प म्हणजे चौथऱ्यावर ठेवलेली व भोवती फिरून पाहावयाची वस्तू नव्हे. एखादी खोली, चौक, पादचारी पूल किंवा बसथांबाच प्रकाश, ध्वनी, पदार्थ आणि यंत्रे यांच्या साह्याने असा सिद्ध करावयाचा की त्यात शिरणारा माणूस त्याचाच एक घटक होऊन जातो. त्यातही संवादी मांडणशिल्प ते, की जे माणसाच्या कृतीवाचून अपुरे राहते : कोणी दांडा फिरवल्यावाचून दिवा सरकत नाही, कोणी झोका घेतल्यावाचून सूर उमटत नाही. यंत्राने माणसाला प्रतिसाद दिला की आपले काम संपले असे मानणारे कलावंत पुष्कळ आहेत, आणि त्यांची झगमगती दालने मॉलमधून गर्दीही खेचतात. ती आमच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. यंत्र ज्यात केवळ मध्यस्थ असते आणि खरा प्रतिसाद देणारा दुसरा माणूसच असतो, अशाच कामांचा येथे विचार आहे.

या विचाराची एक मुळी समाजशास्त्रात आहे. बर्लिनच्या गेऑर्ग झिमेल याने १९०३ साली महानगर आणि मनोव्यापार यांवर जो निबंध लिहिला, त्यात नागर माणसाची अलिप्तता हा त्याचा दुर्गुण नसून इंद्रियांवर अहोरात्र होणाऱ्या माऱ्यापासून स्वतःचे रक्षण करण्याची त्याची तजवीज आहे, आणि त्या अलिप्ततेच्या पोटातच त्याचे स्वातंत्र्यही आहे, असे त्याने दाखवून दिले. पुढे शिकागोच्या लुई वर्थने १९३८ मध्ये नागरतेला एक स्वतंत्र जीवनपद्धती म्हणून पाहिले, डेव्हिड रीझमनने १९५० मध्ये एकाकी जमावाची कल्पना मांडली, आणि अर्व्हिंग गॉफमनने १९६३ मध्ये रस्त्यावरची माणसे एकमेकांकडे क्षणभर पाहून शिष्टाचारादाखल नजर कशी काढून घेतात याचे सूक्ष्म वर्णन केले. परंतु कलावंतांना सर्वांत उपयोगी पडावा असा माणूस विल्यम व्हाइट हा होय. न्यूयॉर्कच्या चौकांतून आणि इमारतींपुढच्या मोकळ्या जागांतून कॅमेरे लावून माणसे कोठे बसतात, कोठे थबकतात, सुटी खुर्ची मिळाली तर बसण्यापूर्वी ती विनाकारण दोन इंच कशी सरकवतात, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले आणि १९८० साली एक लहानसे पुस्तक व त्याच नावाचा चित्रपट यांतून त्याचे निष्कर्ष मांडले. त्यांतला एक निष्कर्ष असा की, दोन अपरिचित माणसे एकमेकांशी बोलू लागतात ती बहुधा एखाद्या तिसऱ्या गोष्टीमुळे; मग तो डोंबारी असो, विक्षिप्त शिल्प असो, नाहीतर नुसते रस्त्यात उघडे पडलेले गटार असो. त्या तिसऱ्या गोष्टीच्या आडोशाने बोलताना कोणी कोणाच्या गळ्यात पडत नाही, कोणाला कोणाचे नावगाव पुसावे लागत नाही, आणि काढता पाय घेण्याची सोय सदैव शिल्लक राहते. संवादी मांडणशिल्पाचे सारे शास्त्र माझ्या मते या एका निरीक्षणात सामावले आहे, जरी ते लिहिताना व्हाइटच्या डोळ्यांपुढे नगररचनाकार होते, कलावंत नव्हते.

दुसरी मुळी कलेची. कलाकृती प्रेक्षकाकडून पुरी होते, हे विधान मार्सेल द्युशाँने १९५७ मध्ये ह्यूस्टन येथील व्याख्यानात केले, आणि दोनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या एका दालनात ॲलन कॅप्रोने प्रेक्षकांच्या हाती सूचनांच्या चिठ्ठ्या देऊन त्यांना खोल्याखोल्यांतून हलवले. सहृदयावाचून रस नाही, हे भारतीय वाचकाला नव्याने सांगावयास नको. परंतु आपल्या शास्त्रातला सहृदय आपल्या आसनावर बसून होता, आणि येथे त्याला आसन सोडावयास लावले जात होते, हा भेद लहान नव्हे. पॅरिसमधल्या दृश्यकला-संशोधन गटाने, ज्यात अर्जेंटिनाहून आलेला हुलिओ ल पार्क प्रमुख होता, संग्रहालयातल्या ‘हात लावू नये’ या पाटीची उलटापालट करून भाग न घेण्यास, हात न लावण्यास, इतकेच काय पण न मोडण्यासही मनाई असल्याचे जाहीर केले, आणि १९ एप्रिल १९६६ रोजी एक सबंध दिवस पॅरिसच्या रस्त्यांवर काढून मेट्रोतून उतरणाऱ्यांना लहान भेटी दिल्या व पदपथावर पायाखाली डुगडुगणाऱ्या लाद्या मांडल्या. मनाई थट्टेची होती, पण थट्टेतही हुकूम होताच. भाग घ्या असे दरडावणारी कला आणि भाग घ्यावासा वाटेल अशी जागा निर्माण करणारी कला यांतले अंतर या शाळेला फारसे जाणवले नाही.

ते जाणवले ब्राझीलमध्ये. रिओच्या लिजिया क्लार्क आणि एलिओ ओइतिसिका यांचे काम मला या इतिहासाचा गाभा वाटतो, आणि युरोप-अमेरिकेकडे डोळे लावून लिहिलेल्या इतिहासांत त्याला मिळणारी जागा तुटपुंजी वाटते. १९६६ मध्ये या दोघांनी एक लवचिक पट्टी, पीळ देऊन टोके जोडलेली, दोघांच्या मनगटांभोवती अशी गुंतवली की एकाने हात हलवला की दुसऱ्याला त्याचे उत्तर देणे भाग पडावे. १९६८ मध्ये क्लार्कने दोन चष्मे एकमेकांना जोडून ते घालणाऱ्या दोघांना डोळ्यांत डोळे घालण्यावाचून गत्यंतर ठेवले नाही. ओइतिसिकाने अंगावर पांघरून नाचावयाचे थर-थरांचे झगे केले, आणि १९६५ साली मांगेइरा या वस्तीतल्या सांबा नर्तकांना ते घालून रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात आणले तेव्हा त्या नर्तकांना आत प्रवेश मिळाला नाही. देशात लष्करी अंमल सुरू होऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. माणसाने माणसाला स्पर्श करावा ही साधी गोष्ट कोणाच्या दारात अडवली जाते, याचा दाखला त्या दिवशी जो मिळाला तो अजून जुना झालेला नाही.

तंत्राच्या अंगाने वाढलेली शाखा याहून निराळी. अमेरिकेत मायरन क्रूगर १९७० च्या सुमारास दूरच्या दोन खोल्यांतल्या माणसांच्या प्रतिमा एकाच पडद्यावर आणत असता त्याच्या ध्यानी आले की, आपल्या प्रतिमेवर दुसऱ्याच्या प्रतिमेचा हात आला की माणूस खराखुरा हात मागे घेतो. छायेलाही अंगभर संकोच असतो. या शोधावर त्याने पुढची कित्येक वर्षे काम केले. १९९२ मध्ये पॉल सर्मन याने दोन गावांत दोन पलंग मांडून एकावरच्या माणसाची प्रतिमा दुसऱ्यावर पाडली, तेव्हा हाच संकोच अधिक उत्कट झाला. या दोहोंच्या मधले, आणि माझ्या दृष्टीने या शाखेतले सर्वोत्तम काम मात्र किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ यांचे. नोव्हेंबर १९८० मध्ये तीन संध्याकाळी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरची एक काच आणि लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या दुकानाची काच उपग्रहाने जोडली गेली. इकडच्या पदपथावरून जाणाऱ्याला तिकडच्या पदपथावरची माणसे पुरुषभर उंचीची, कृष्णधवल, बोलती-चालती दिसू लागली. कोठे पाटी नव्हती, सूचना नव्हती, पुरस्कर्त्याचे बोधचिन्ह नव्हते, आणि जिला आपण आज पदोपदी सोकावलो आहोत ती, स्वतःचीच प्रतिमा पाहण्याची, सोयही नव्हती. म्हणून पाहणाऱ्याला दुसऱ्याकडेच पाहावे लागे. पहिल्या संध्याकाळी लोक चक्रावून एकमेकांना तुम्ही कोठे आहात असे विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी ऐकून आलेले आले. तिसऱ्या दिवशी, बातमी दूरचित्रवाणीवर झळकल्यावर, आप्तइष्टांनी फोनाफोनी करून वेळ ठरवली आणि अनेक वर्षे ताटातूट झालेली कुटुंबे दोन्हीकडच्या काचांपुढे येऊन उभी राहिली. हा जो तीन दिवसांतला पालट, अपरिचितांपासून आप्तांपर्यंतचा, त्यात या कलेचे सामर्थ्य आहे आणि तिची एक गोम पण आहे. कारण तिसऱ्या दिवशी परक्यांसाठी काचेपुढे फारशी जागा उरली नव्हती.

याच कल्पनेचा पुनरवतार लिथुआनियाच्या बेनेडिक्टास गिलिस याने २०२१ मध्ये विल्नियस आणि लुब्लिन या शहरांदरम्यान एका वाटोळ्या पडद्याच्या रूपाने केला, आणि मे २०२४ मध्ये तसाच पडदा डब्लिन व न्यूयॉर्क यांच्यामध्ये उभा राहिला. एका आठवड्याच्या आत तो बंद करावा लागला. कोणी कपडे काढले, कोणी ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची छायाचित्रे समोरच्यांना दाखवली. मग पडद्याला चिकटणाऱ्याची प्रतिमा धूसर करण्याची व वेळेची मर्यादा घालण्याची तजवीज झाली आणि तो पुन्हा उघडला. यावरून माणसे चाळीस वर्षांत बिघडली असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. १९८० च्या काचेत आवाज होता, २०२४ च्या पडद्यात तो नव्हता, आणि ज्याच्याशी बोलता येत नाही त्याला चेष्टेने डिवचणे हाच एक मार्ग उरतो. शिवाय खिशातला कॅमेरा प्रत्येक चेष्टेला तिसऱ्याच ठिकाणी प्रेक्षक मिळवून देत होता. दोष रचनेचा होता.

दालनांच्या आत १९९० च्या दशकापासून निराळा वाद चालू होता. रिरक्रित तिरावनिजा या थाई कलावंताने १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दालनात चूल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला भात आणि रस्सा वाढला, आणि फ्रान्सच्या निकोला बुरिओने १९९८ मधल्या आपल्या पुस्तकात अशा कामांना संबंधांचे सौंदर्यशास्त्र ही उपपत्ती दिली. सहा वर्षांनी इंग्लंडच्या क्लेअर बिशपने विचारलेला प्रश्न मात्र बिनतोड होता : त्या भाताभोवती बसलेले लोक आधीपासूनच एकमेकांना ओळखणारे, एकाच वर्तुळातले असतील, तर तेथे जुळलेला संबंध कशा प्रतीचा? आपल्याकडच्या, मुंबईतल्या जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांवरचे स्नेहसंमेलन ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रश्नाची रुजुवात करण्यास दूर जावे लागणार नाही.

म्हणूनच मला चौकातली कामे दालनातल्यांपेक्षा वजनदार वाटतात. मेक्सिकोत जन्मलेला व कॅनडात स्थायिक झालेला राफाएल लोझानो-हेमर याचे २००१ मधले रॉटरडॅमचे काम सर्वत्र प्रसिद्ध आहे : चित्रपटगृहाच्या भल्यामोठ्या भिंतीवर रस्त्यांवर टिपलेल्या माणसांची छायाचित्रे पाडलेली, पण जमिनीवरून सोडलेल्या प्रखर झोतांत ती पार धुऊन गेलेली, आणि चौकातून चालणाऱ्याची सावली भिंतीवर पडली की फक्त तिच्या आत ती उमटावीत अशी योजना. सावली दोन मीटरांपासून पंचवीस मीटरांपर्यंत वाढे. लोक छायाचित्रे शोधत बसतील अशी कलावंताची अपेक्षा. लोकांनी ती बाजूला ठेवून एकमेकांच्या सावल्यांना उचलणे, गिळणे, टपली मारणे असा खेळ आरंभला. पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या छायाबाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या खेळाचे नवल वाटणार नाही. सावलीच्या अंगी एक प्रकारची बेजबाबदारी असते, आणि ज्या माणसाला आपण हात लावण्यास धजणार नाही त्याच्या सावलीची मान पकडण्यास आपल्याला काहीच वाटत नाही.

परंतु त्याचे पुढचे काम, जे २००५ पासून इंग्लंडच्या मध्यभागातल्या शहरांत आणि नोव्हेंबर २००८ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात मांडले गेले, ते मला अधिक खोल वाटते. तेथे भिंतीऐवजी फरसबंदीच पडदा होती. चालणाऱ्याची सावली जमिनीवर पडली की तिच्यात एखादा माणूस दिसे, आडवा, पाठमोरा, जणू झोपेतला; तो हळूच वळे, वर पाही, सावलीच्या धन्याच्या डोळ्याला डोळा देई; कोणी हसे, कोणी नाचे, कोणी नुसता पाहत राही; आणि आपण पाय उचलला की त्याचे आपल्यातले लक्ष उडून तो मान फिरवी. ती माणसे त्याच परगण्यातली, स्वतःचे चित्रण कसे व्हावे हे स्वतः ठरवलेली. माणूस आपल्याकडे पाहतो तेवढाच वेळ आपण त्याला असतो, हे एवढ्या निर्दयपणे आणि एवढ्या मायेने सांगणारे दुसरे काम मला ठाऊक नाही. आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. चालणाऱ्याचा माग ठेवणारी यंत्रणा ही तत्त्वतः पाळत ठेवणाऱ्या पोलिसी यंत्रणेचीच बहीण. हे न लपवता दर सात मिनिटांनी सारी चित्रे थांबत आणि त्या यंत्रणेची मोजणीची जाळी प्रकाशाने जमिनीवर उघडी मांडली जाई. इतका प्रामाणिकपणा अशा कामांत दुर्मीळ आहे. आमच्या चौकाचौकांत आता कॅमेरे आहेतच. त्यांच्या दफ्तरात आपली नोंद कशी होते हे दाखवण्याची तसदी त्यांपैकी कोणी घेत नाही.

खेळकर कामांची शाखा लोकप्रिय आहे, आणि तिच्याविषयी विद्वानांत जो तुच्छभाव आढळतो तो मला मान्य नाही. ल्यूक जेरम या ब्रिस्टलच्या कलावंताने २००८ मध्ये बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर १५ पियानो ठेवले. कल्पना सुचली ती कपडे धुण्याच्या सार्वजनिक दुकानात, जेथे दर आठवड्याला तीच माणसे येत आणि यंत्राच्या काचेकडे टक लावून मुकाट बसत. माँट्रियलमध्ये २०११ साली मूना अँड्राओस आणि मेलिसा मोंजिआ यांच्या चमूने भर रस्त्यालगत २१ झोके टांगले. प्रत्येक झोक्याला एक सूर, पण काही सुरावटी अशा की त्या अनेकांनी जुळवून झोके घेतल्यावाचून उमटतच नसत. कोणी कोणाला चला मिळून झोका घेऊ असे म्हणण्याची आवश्यकता नव्हती. शेजारच्याच्या गतीशी आपली गती जुळवली की पुरे. निमित्त अगदी पातळ असावे, आणि ते मोडले तर कोणाला अपमान वाटू नये, हे सूत्र या कामात जितके साधले आहे तितके थोड्याच ठिकाणी साधले असेल.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जड मागणी करणारी कामे. मरीना अब्रामोविच २०१० च्या वसंतात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात सातशेहून अधिक तास एका खुर्चीवर निःशब्द बसली आणि समोरच्या खुर्चीवर पाळीपाळीने परकी माणसे बसत गेली. त्यांतली कित्येक रडली. याची थोरवी मान्य करूनही मला असे वाटते की, तेथे सारे धागे एकाच खुर्चीशी बांधलेले होते, आणि रांगेत तासन्‌तास उभे असलेले एकमेकांशी काय बोलले हा खरे तर अधिक जिज्ञासेचा विषय होता. ब्लास्ट थिअरी या इंग्लिश गटाने २००३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर जो खेळ रचला त्याची मागणी निराळी : हातात लहान संगणक घेऊन एका अज्ञात गृहस्थाच्या शोधात हिंडलेल्या खेळाडूला अखेरीस असे विचारले जाई की, एखाद्या पूर्ण अपरिचिताला अडचणीच्या वेळी वर्षभर साह्य करण्याचे वचन तू देशील काय? हो म्हणणाऱ्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. खेळ तेथे संपून जामीनकी सुरू झाली. कलावंताला अशी जामीनकी मागण्याचा हक्क पोहोचतो काय, या प्रश्नावर ग्रंथातल्या लेखकांत एकमत नाही, आणि ते घडवून आणण्याचा यत्नही केलेला नाही.

भारतातले काम संख्येने थोडे, पण अनुकरणाचे नव्हे. मुंबईच्या शैना आनंद यांनी २००६ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये पाळतीसाठी विकली जाणारी स्वस्त सामग्रीच उलट्या कामाला जुंपली : चार ठिकाणी एकेक दूरचित्रवाणी संच, वर कॅमेरा आणि ध्वनिग्राहक, सारे तारेने जोडलेले, आणि चारी ठिकाणची चित्रे एकाच पडद्याच्या चार चौकटींत. एकाच गल्लीत राहूनही एकमेकांकडे न जाणारे दुकानदार, कामगार आणि घरातल्या बायका आपापल्या उंबऱ्याच्या आत राहून एकमेकांशी गप्पा मारू लागल्या. अमेरिकेतल्या त्या काचेने तीन हजारांहून अधिक किलोमीटर ओलांडले; येथे शंभर-दोनशे मीटरच ओलांडावयाचे होते, आणि आपल्या शहरांत ते अंतर अनेकदा जास्त भरते. त्याच्या आदल्या वर्षी अशोक सुकुमारन यांनी मुंबईच्या जी.पी.ओ.च्या चौकात रस्त्यावरच्या कोणालाही फिरवता येईल असा एक दांडा बसवला, जो फिरवला की भोवतालच्या इमारतींवरून दिव्यांची ओळ सरकत जाई. दिव्याचा धनी कोण, वीज कोणाची, परवानगी कोणाची, असे सारे शहरी व्यवहार त्या दांड्याशी येऊन मिळत होते. शिल्पा गुप्ता यांच्या २००६-०७ च्या सावल्यांच्या मालिकेत प्रेक्षकाच्या सावलीवर वस्तू येऊन चिकटतात व झटकता झटकत नाहीत. तेथे संपर्क हा दिलासा नसून ओझे आहे, आणि हा सूर पाश्चात्त्य कामांत क्वचितच ऐकू येतो. बंगळूरच्या ब्लँक नॉइज या उपक्रमाने स्त्रियांना बागांत निर्धास्त झोपण्यासाठी एकत्र बोलावले. २०११ मध्ये शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या अभ्यासावरून दाखवले की, स्त्रीला रस्त्यावर उभे राहण्यासाठी काहीतरी काम असल्याचा देखावा करावा लागतो. म्हणजे निमित्ताचा प्रश्न आमच्या निम्म्या नागरिकांना बोलण्याच्याही आधी, नुसते उभे राहण्यापासूनच भेडसावतो.

हा ग्रंथ आज का, याचे उत्तर सरकारदरबारीच्या कागदांत सहज मिळेल. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाचे खाते एका मंत्र्याकडे सोपवले, जपानने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो व त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार होतात असे नमूद केले. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्राचे सुमारे ४५ टक्के लोक शहरांत होते. हे आकडे मी नाकारत नाही. परंतु त्यांच्या आधाराने कलेला औषधाच्या कपाटात नेऊन ठेवण्याची जी घाई चालली आहे, तिच्याविषयी मला धास्ती वाटते. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच सांगून ठेवले आहे की, जिवलग गमावल्याने येणारे एकाकीपण निराळे आणि समूहात आपली जागा नसल्याने येणारे निराळे, व एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. चौकातला झोका दुसऱ्या प्रकाराला क्वचित हात लावू शकेल. ज्या वृद्धेचा सोबती गेला आहे तिला तो काय देणार? तिला झोक्याकडे पाठवून आपण जबाबदारीतून मोकळे झालो असे एखाद्या महापालिकेने मानले, तर तो कलेचाही अपमान आणि त्या वृद्धेचाही. एखादे काम किती लोकांचे एकाकीपण किती टक्क्यांनी घटवते, हा प्रश्न म्हणूनच या ग्रंथात विचारलेला नाही.

विचारले आहे ते एवढेच की, प्रत्येक कामाने येणाऱ्याकडे काय मागितले, त्याने दिलेले कोठे गेले, आणि नकार देणाऱ्याला वाट कशी ठेवली होती. लेखांची मांडणी कालक्रमाने केलेली नाही. सावली, काच, खुर्ची, झोका आणि तार अशी माध्यमावरून गटवारी केली आहे, कारण चाळीस वर्षांच्या अंतराने उभ्या राहिलेल्या दोन काचा एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे जे दिसते ते इतिहासाच्या ओघात दिसत नाही. वॉर्ड ऑफिस, पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा यांच्या परवानग्यांविषयीचे प्रकरण रूक्ष वाटेल, पण आमच्याकडे पदपथावर काही मांडू पाहणाऱ्या तरुणाला त्याचाच उपयोग सर्वांत अधिक व्हावा. महाजालावरची, घरबसल्या करावयाची कामे जवळजवळ वगळली आहेत. त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवा.

एक अडचण मात्र वाचकाच्या कानावर घातली पाहिजे. ही कामे बहुतांशी मोडून गेलेली आहेत, आणि मागे उरली आहेत ती छायाचित्रे व चित्रफिती. छायाचित्रात हसणारे, नाचणारे, हात पुढे करणारे येतात. जे पाच पावलांवर थबकले, कपाळाला आठी घालून निघून गेले, किंवा ज्यांना रखवालदाराने फिरकू दिले नाही, ते चौकटीबाहेर राहतात, आणि मग दस्तऐवजावरून लिहिणाऱ्याला प्रत्येक काम यशस्वीच झाले असे वाटू लागते. यासाठी प्रत्येक कामाच्या आरंभी एक टिपण जोडले आहे : ते कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या परवानगीने उभे होते, तेथे पोहोचण्यास तिकीट लागत होते काय, आणि जेथे विश्वसनीय मजकूर हाती आला तेथे, त्याकडे पाठ कोणी फिरवली. ज्यांना केवळ कल्पनाच वाचावयाच्या आहेत त्यांनी ही टिपणे ओलांडून पुढे जाण्यास काही हरकत नाही.